बैठकीत तिचं कामही ठरवा

दिवसभराची खुरपणी उरकून घरी आलेल्या, भाकरी थापता थापता रेडिओ लावलेल्या आणि गटाच्या बैठकीत एकत्र बसून ऐकणाऱ्या तुम्हा सगळ्यांना देवणीच्या आम्हा बायांचा नमस्कार.

मुलीच्या शाळेबद्दल आपण पुष्कळ बोलतो. शाळा सोडवू नका, दहावी झाली की लगेच लग्नाचं काढू नका, अठरा वर्षांच्या आधी तर नकोच नको. आज त्याच्या बरंच पुढचं बोलायचं आहे. पोरगी शिकत शिकत अगदी शेवटच्या पायरीपर्यंत गेली, विज्ञानात पीएच.डी. झाली, नावाच्या आधी डॉक्टर लागलं. मग पुढं तिचं काय होतं? आणि तिच्याच बाकावर बसून शिकलेल्या पोराचं काय होतं?

तुम्ही म्हणाल, हे मोठ्या शहरातल्या लोकांचं, आपल्याला काय त्याचं? तसं आता राहिलं नाही. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, लातूरला त्याचं उपकेंद्र आलं. आपल्या शेजारी उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आता एम.एस्सी. करायला पोरीला पुण्या-मुंबईलाच धाडावं लागतं असं नाही. आपल्या देवणी गायीची धार काढायची, शेण काढायचं, आजारी वासराला रात्री उठून बघायचं, हे सगळं बायाच करतात. त्या गायीचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञही आपल्या घरातली निघावी, ही इच्छा काही जास्तीची नाही.

पीएच.डी. म्हणजे काय, ते आधी सांगतो. हा सुई टोचणारा डॉक्टर नव्हे. आजवर कुणाला नीट ठाऊक नसलेली एखादी गोष्ट शोधायची, पुन्हा पुन्हा तपासायची, लिहून विद्यापीठापुढं मांडायची आणि जाणकारांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. ती पटली तर ही पदवी मिळते. आता वयाचा हिशेब मांडा. बारावीला अठरा. बी.एस्सी.ची तीन वर्षं, एम.एस्सी.ची दोन, म्हणजे तेवीस. पुढं प्रवेश परीक्षा आणि चार-पाच वर्षांचं संशोधन. पदवी हातात येईतो अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं होतात. अठ्ठावीस वर्षांची पोरगी अजून माहेरी आहे म्हटल्यावर आपल्याकडं काय काय बोललं जातं, ते तुम्हाला सांगायला नको.

हा विषय आमच्या गटात निघाला तो एका मायमुळं. तिची लेक रसायनशास्त्रात पीएच.डी. झाली. त्याच महिन्यात दोन गोष्टी घरी आल्या. एक म्हणजे दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत दोन वर्षांच्या कामाचं पत्र. दुसरी म्हणजे चांगल्या घरची सोयरीक. त्या मायनं हप्ता भरायच्या दिवशी आम्हाला विचारलं, बायांनो, मी काय करू? आमच्यात दोन तट पडले. काही म्हणाल्या, एवढं शिकवलं ते घरी बसवायला का? काही म्हणाल्या, आलेलं स्थळ परत येत नाही, काम काय नंतरही मिळेल. ते काम खरंच नंतर मिळतं का, हे समजून घ्यायचं आम्ही ठरवलं. जे समजलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो.

पीएच.डी. झाल्या झाल्या पक्की नोकरी मिळत नाही. आधी दोन-तीन वर्षं दुसऱ्या एखाद्या मोठ्या प्रयोगशाळेत काम करावं लागतं. त्याला पोस्ट-डॉक म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर उमेदवारी. ती परगावी असते, कधी परदेशी असते. तिथं केलेलं काम छापून आलं, तर पुढं कायमच्या जागेसाठी विचार होतो. काही जण कॉलेजात शिकवायला लागतात, तीही जागा लवकर भरत नाही. वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांच्या पैशांवर काढावी लागतात. ही खडतर वाट पोराला आणि पोरीला सारखीच आहे. फरक पडतो तो या वाटेवर चालताना.

समजा, एकाच प्रयोगशाळेतून एक पोरगा आणि एक पोरगी एकाच दिवशी पीएच.डी. झाले. दोघं सारखेच हुशार. एकोणतिसाव्या वर्षी पोराचं लग्न होतं. घरात बायको येते, त्याचा डबा वेळेवर व्हायला लागतो. बाहेरगावी जागा मिळाली तर तो जातो, बायको मागून जाते. लेकरू होतं, गावात पेढे वाटले जातात, तो दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत असतो. पोरीचंही एकोणतिसाव्या वर्षी लग्न होतं. नवऱ्याची नोकरी जिथं, तिथं ती जाते. त्या गावात प्रयोगशाळा असतेच असं नाही. वर्षभरात लेकरू होतं. ते शाळेत जाईतो ती पस्तिशीला येते. मग अर्ज करते, तर समोरचा विचारतो, मधली पाच वर्षं काय केलं? तुमचं छापून आलेलं काम कुठं आहे? लेकरू दोघांच्याही घरी झालं, पण ‘मधली वर्षं कुठं होतात’ हा प्रश्न एकीलाच विचारला जातो.

विज्ञानात ही मधली वर्षं फार महाग पडतात. शिवणकाम चार वर्षं सोडलं तरी हात पुन्हा बसतो. प्रयोगशाळेत तसं होत नाही. तिथं यंत्रं बदलतात, नवी माहिती येते, आपण ज्या प्रश्नावर काम करत होतो तो दुसरं कुणीतरी सोडवून मोकळं होतं. म्हणून ‘काम काय नंतरही मिळेल’ हे बोलणं या धंद्यात फारसं खरं ठरत नाही.

थोडे आकडे सांगतो, घाबरू नका. सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीप्रमाणं २०२१-२२ साली देशात सगळ्या विषयांत मिळून सुमारे २ लाख १२ हजार जण पीएच.डी. करत होते. त्यात बाया होत्या साधारण ९९ हजार, म्हणजे शंभरात ४६. जवळजवळ निम्म्या. विज्ञान शाखेत शिकणाऱ्यांत तर त्या वर्षी मुलांपेक्षा मुली जास्त होत्या. आता दुसरा आकडा ऐका. २०१८ साली देशभरात प्रत्यक्ष संशोधनाच्या कामावर असलेल्या माणसांत बाया होत्या शंभरात १७ पेक्षाही कमी. हे खरं की आज कामावर असलेले लोक पूर्वी शिकलेले आहेत, तेव्हा शिकणाऱ्या मुलीही कमी होत्या. त्यामुळं दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. तरीही ४६ आणि १७ यांच्यात एवढी मोठी दरी आहे की वाटेत काहीतरी सांडतं हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

हे आजचंच नाही. आपल्या मराठी बायांचीच उदाहरणं घेऊ. लेखिका दुर्गा भागवत यांचं नाव तुमच्यातल्या काहींनी ऐकलं असेल. त्यांची धाकटी बहीण कमला, म्हणजे पुढच्या डॉक्टर कमला सोहोनी. १९११ सालचा जन्म. वडील आणि चुलते दोघंही रसायनशास्त्र शिकलेले, त्यामुळं घरात विज्ञानाची चर्चा असायची. १९३३ साली मुंबईत बी.एस्सी. झाल्यावर त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. तिथं मुख्य होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी अर्ज नाकारला. कारण एकच, अर्ज मुलीचा होता. कमलाबाई गप्प घरी बसल्या नाहीत. बंगळुरूला गेल्या, कारण विचारलं, अडून बसल्या. शेवटी एक वर्ष पारखून बघू, या अटीवर त्यांना घेतलं. त्यांनी काम असं केलं की पुढं त्या संस्थेचं दार इतर मुलींसाठीही उघडलं.

मग त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथं बटाट्यावर काम करताना त्यांनी दाखवून दिलं की माणसाच्या आणि जनावराच्या शरीरात श्वासाचं काम चालवणारा सायटोक्रोम सी नावाचा घटक झाडाझुडपांतही असतो. १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. परत येऊन त्यांनी दिल्लीत शिकवलं, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक झाल्या. १९४७ साली लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायनाचा विभाग नव्यानं सुरू होत होता, तिथं त्यांना जागा मिळाली, म्हणून त्यांचं काम तुटलं नाही. तिथं त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरा, डाळी, तांदूळ अशा गरिबाच्या ताटातल्या वस्तूंवर संशोधन केलं. नीरेवरच्या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार मिळाला. त्या संस्थेच्या संचालकही झाल्या, पण ते पद मिळायला बराच उशीर लागला. पुढं त्यांनी ग्राहकांच्या संघटनेत बसून अन्नातली भेसळ कशी ओळखायची, हे बायांना सांगितलं.

नीट बघा, कमलाबाईंना कुठं कुठं अडकायला झालं. दारात अडवलं ते बाई म्हणून. लग्न झालं तेव्हा कुन्नूर सुटलं. मोठ्या खुर्चीला उशीर झाला. मुंबईत ती जागा निघाली नसती तर? लग्नानंतर नव्या गावात तशी जागा न मिळालेल्या बायांची नावं आपल्याला ठाऊकच नाहीत, कारण त्यांचं काम पुढं झालंच नाही.

दुसऱ्या आहेत डॉक्टर कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात जन्म. १९३९ साली लग्न झालं, त्या मुंबईला आल्या, आणि लग्नानंतर दहा वर्षांनी, १९४९ साली, मुंबई विद्यापीठातून पीएच.डी. झाल्या. यजमान स्वतः गणिताचे जाणकार. त्यांनी बायकोच्या शिक्षणाला पाठिंबा दिला. पुढं त्या अमेरिकेत जाऊन उमेदवारी करून आल्या आणि मुंबईत कर्करोगावर मोठं काम केलं. त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्त झाल्यावर त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी लेकरांच्या पोषणाचा अभ्यास केला. आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्यांचं आणखी एक काम मोठं आहे. १९७३ साली त्यांनी काही सहकारी बायांना घेऊन भारतीय महिला शास्त्रज्ञांची संघटना उभी केली. या संघटनेनं नवी मुंबईत वाशीला बायांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालवलं. बघा बरं, एवढ्या शिकलेल्या शास्त्रज्ञ बाया एकत्र आल्या तेव्हा त्यांना पाळणाघरही काढावंसं वाटलं. गरज कुठं आहे ते त्यांनी बरोबर हेरलं होतं.

परदेशातलं एक सांगतो, कारण त्यात एक सासरा आहे. मेरी क्युरी हे नाव शाळेच्या पुस्तकात असतं. रेडियम शोधणारी बाई, दोनदा नोबेल मिळालेली. १८९७ साली तिला पहिली मुलगी झाली. त्याच सुमाराला तिची सासू वारली आणि सासरा त्यांच्याकडं राहायला आला. तो डॉक्टर होता, औषधाचा. त्या सासऱ्यानं नात सांभाळली. मेरी प्रयोगशाळेत जात राहिली. १९०३ साली तिला डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी नोबेलही. आजोबांच्या मांडीवर वाढलेली ती नात, आयरीन, तिलाही पुढं १९३५ साली नोबेल मिळालं. त्या दोन नोबेलांत त्या सासऱ्याचाही हात आहे, असं आम्ही म्हणतो. लेकरू सांभाळायला बाईच लागते, असं कुठं लिहिलेलं नाही.

आता वाटेल की सगळा दोष घराचाच. तसंही नाही. पुण्यात जन्मलेल्या डॉक्टर रोहिणी गोडबोले या भौतिकशास्त्राच्या मोठ्या शास्त्रज्ञ. त्यांना पद्मश्री मिळाली होती, २०२४ साली त्या गेल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली एक अहवाल काढला. पीएच.डी. झालेल्या शेकडो बायांना विचारलं, तुम्ही संशोधनात का राहिलात, का सोडलंत? सगळ्यांची समजूत अशी की बाया घरासाठी, लेकरांसाठी सोडतात. पण सोडलेल्यांपैकी पुष्कळ जणींनी सांगितलं, आम्हाला हवी तशी नोकरीच मिळाली नाही. म्हणजे ही बाई संसारात अडकेल असं आधीच धरून तिला बाजूला ठेवलं जातं आणि मग म्हणायचं की तिनंच सोडलं. याच अहवालात आणखी एक दिसलं. संशोधनात टिकून राहिलेल्यांत लग्न न केलेल्या बाया पुरुषांच्या मानानं कितीतरी जास्त होत्या. पुरुषाला संसार आणि विज्ञान दोन्ही मिळतं. बाईला दोन्हींतलं एक निवड म्हणून सांगितलं जातं.

त्या मायला आमच्या गटानं काय सांगितलं, ते आता ऐका. आम्ही तिला स्थळ मोड म्हणालो नाही आणि प्रयोगशाळेचं पत्र फाड असंही म्हणालो नाही. आम्ही म्हणालो, आधी लेकीला बसवून विचार, तिच्या मनात काय आहे. तिला दोन्ही हवं असेल, तर लग्नाच्या बैठकीत तिच्या कामाचं बोलणं काढ. आपल्याकडं बैठकीत काय काय ठरतं! मानपान ठरतो, जेवणावळ ठरते, कपडे-सोनं ठरतं, कायद्यानं बंदी असलेला हुंडासुद्धा दुसरं नाव देऊन ठरतो. दहा वर्षं घासून पोरीनं जे मिळवलं, त्याचं काय होणार, हे मात्र कुणी ठरवत नाही. ‘लग्न झाल्यावर बघू’ म्हणतात. आणि ‘बघू’ म्हणजे काय असतं, ते आपण सगळ्या जणी जाणतो.

म्हणून चार गोष्टी बैठकीतच विचारायच्या. पहिली, दोन वर्षांची ही उमेदवारी ती पूर्ण करणार, हे सगळ्यांना कबूल आहे का? दुसरी, दोघांना दोन गावांत काम मिळालं, तर काही काळ तसं राहायची पोराची आणि त्याच्या घरच्यांची तयारी आहे का? तिसरी, लेकरू झाल्यावर पहिली दोन वर्षं कोण काय करणार? तिकडची आजी, इकडची आजी, आजोबा, आणि पोराचा बाप स्वतः? चौथी, तिला पुन्हा कुठं अर्ज करायचा झाला, परीक्षेला किंवा मुलाखतीला जायचं झालं, तर तिला अडवणार तर नाही ना? ही चार बोलणी चारचौघांत झाली की त्यांना वजन येतं. त्या मायनं ती विचारली. पाहुण्यांनी आठ दिवस मागून घेतले. पोरगा मात्र आपणहून म्हणाला की पहिल्या दोन वर्षांत मीच तिच्या गावी बदली मागून बघतो. बाकीचं उत्तर अजून यायचं आहे.

आता कायद्यात आणि योजनांत काय आहे, ते लिहून घ्या, किंवा घरातल्या शिकणाऱ्या लेकराला लिहून घ्यायला सांगा.

पीएच.डी. चालू असताना बाळंतपण आलं म्हणून शिक्षण सोडायची गरज नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमाप्रमाणं त्या काळात एकदा २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, आणि पदवी पूर्ण करायला बायांना दोन वर्षं वाढवून मिळू शकतात. नेट परीक्षेतून फेलोशिप मिळाली, तर २०२३ पासून ती महिन्याला ३७ हजार रुपये आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या आपल्या राज्याच्या संस्थाही पीएच.डी. करणाऱ्यांना फेलोशिप देतात. हे पैसे लेकीच्या खात्यात येतात, त्यामुळं बापावर ओझं पडतं असं म्हणायला जागा राहत नाही.

नोकरी लागल्यावर पहिल्या दोन लेकरांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्यात आहे. ज्या ठिकाणी पन्नास किंवा जास्त माणसं कामाला आहेत, तिथं पाळणाघराची सोय हवी, असंही तो कायदा सांगतो. कामात खंड पडलेल्या बायांना संशोधनात परत आणण्यासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची महिला शास्त्रज्ञ योजना आहे, ती आता वाइज-किरण या नावाखाली चालते. जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर नावाची योजना आहे. वयाच्या आणि इतर अटी जाहिरातीत दिलेल्या असतात, त्या अर्ज करताना नीट वाचायच्या. आपली लेक, सून पाच वर्षं घरी होती म्हणून तिची वाट कायमची बंद झाली, असं धरून बसू नका.

शेवटी एक काम सांगतो. पुढच्या गटाच्या बैठकीत हप्ता भरून झाला की गावातली यादी करा. एम.एस्सी. किंवा त्याच्या पुढं शिकलेल्या लेकी किती, सुना किती? त्यातल्या कामावर किती, घरी किती? घरी असलेल्या सुनेला विचारा, बाई, तुला परत जायचं आहे का? कदाचित ती नाही म्हणेल, तो तिचा विचार. पण हो म्हणाली, तर तिचं लेकरू सकाळी दोन तास कुणाच्या अंगणात खेळेल, अर्ज भरायला तिच्याबरोबर लातूर-नांदेडला कोण जाईल, ते त्याच बैठकीत ठरवा. कर्जाची हमी आपण एकमेकींसाठी घेतोच. ही हमी त्याहून अवघड नाही.